आतल्या फेऱ्यातला श्वास

१

सन एकोणीसशे एकसष्ट, सप्टेंबरची अकरा तारीख, सोमवार. सुहैल, म्हणजे अगस्तीचा तारा, उगवून अठरा दिवस झाले होते. हा तारा दिसला की बहरीनमधली म्हातारी माणसं म्हणतात, उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं. त्या साली मोडलं नव्हतं. मुहर्रकच्या बाजारात सकाळी नऊ वाजताच भिंतींना घाम फुटत होता.

सनद बिन जबरने दुकान उघडलं, पंखा लावला आणि रोजच्याप्रमाणे यंत्राची धूळ पुसली. त्याचं दुकान आवाज कोरून देण्याचं होतं. कोणाला लग्नातली गाणी हवी असत, कोणाला परदेशी गेलेल्या लेकासाठी आईचा निरोप. लोक मायक्रोफोनसमोर बसत, सनद यंत्रावर लाखेचा थर दिलेली तबकडी चढवी आणि सुई लाखेत आवाज कोरत जाई. चौदा वर्षं तो हेच करत होता. मशिदीतल्या शाळेत तो दोन हिवाळे बसला, तेवढंच शिक्षण. पण तबकडीवर सुईने पाडलेला चर पाहून तो आतला आवाज जाडा की बारीक ते सांगे.

त्याचे दोन नियम होते. पहिला, तबकडी दहा इंची, मिनिटाला फेरे अठ्ठ्याहत्तर, वेळ तीन मिनिटं. जास्त वेळ मागणाऱ्याला तो सांगे की तीन मिनिटांत सांगून होत नाही ती गोष्ट सांगण्यासारखी नसते. कारण विचारलं तर तेही सांगे. सुईखालून जितका लांब रस्ता जातो तितके आवाज एकमेकांपासून सुटे राहतात. फेरे कमी केले की रस्ता आखूड होतो आणि आवाज एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यातही बाहेरच्या फेऱ्यात रस्ता लांब, आत मध्याकडे गेलं की आखूड. म्हणून सावकाश फिरणाऱ्या तबकडीचा शेवट नेहमी घोगरा. तिथे ‘स’चा ‘फ’ होतो.

दुसरा नियम तो कोणाला सांगत नसे. खालचा, खर्जाचा आवाज तो कोरतानाच छाटून टाकी. खर्जाने चर रुंद डोलतो, शेजारच्या चराची भिंत फोडतो, मग वाजवताना सुई उडते. हे खरंच होतं. कोणीही येऊन तपासावं.

दहाच्या सुमाराला सालमीन आला.

सालमीन हा जुना नहाम, म्हणजे मोत्यांच्या गलबतावरचा गाणारा. सनद ज्या गलबतावर होता, त्याच गलबतावरचा. उंच, काळा, पासष्टीचा माणूस. गळ्याला पंचा गुंडाळलेला. बोलताना मध्येच शीळ वाजल्यासारखा आवाज येई. गळ्यात गाठ होती. शनिवारच्या बोटीने तो मुंबईला जाणार होता. तिथले डॉक्टर गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढणार होते.

त्याचं म्हणणं थोडक्यात होतं. जायच्या आधी एकदा सगळ्यांना घेऊन गलबतावरचं मोठं गाणं म्हणायचं, आणि ते तबकडीवर हवं. पूर्ण. दहा मिनिटांचं.

“बू महबूब, माझ्याकडे तीन मिनिटं मिळतात,” सनद म्हणाला. सालमीनला तो असा, त्याच्या मुलाच्या नावाने, हाक मारी.

“तीन मिनिटांत माझी माणसं खाकरून होतात.”

“तेहतीस फेऱ्यांवर दहा मिनिटं बसतील. पण शेवट घोगरा होईल.”

“माझा शेवट घोगराच आहे. गळा बघ ना,” सालमीन म्हणाला आणि स्वतःच हसला. मग हसू थांबवून म्हणाला, “आणि सनद, हुंकार छाटायचा नाही.”

नहाम वरच्या सुरात गातो तेव्हा बाकीचे खलाशी पोटातून एक सूर धरतात, इतका खालचा की तो कानाऐवजी फळ्यांतून तळपायांना कळतो. तो हुंकार. सनदने चर, भिंत, सुई, सगळं समजावून सांगितलं. सालमीनने ऐकून घेतलं.

“हुंकार काढलास की ते लग्नाचं गाणं होतं,” तो म्हणाला. “तुझ्या दुकानात लग्नाची पुष्कळ आहेत.”

जाणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सनदने बारा इंची तबकडी काढली.

२

बुधवारी सकाळी गलबतावरच्या माणसांच्या बैठकीच्या घरात तबकडी कोरली गेली. खोली लांबट, छत खजुरीच्या खोडांचं. सालमीन धरून नऊ जण भिंतीला टेकून बसले. ढोलकी होत्या, मातीचे घट होते. वेलचीची कॉफी एकदा फिरली. सनद दाराशी यंत्र मांडून बसला.

“दहावा ये की आत,” जौहर नावाचा म्हातारा म्हणाला. “पूर्वी तुझ्यासारखा हुंकार कोणाचा नव्हता.”

सनद म्हणाला, मला यंत्र सांभाळायचंय.

“एकोणतीस वर्षं हा काही ना काही सांभाळतोयच,” जौहर शेजाऱ्याला म्हणाला. दोघं-तिघं हसली. सालमीन हसला नाही.

मग गाणं सुरू झालं. सनदने चर रुंद अंतरावर ठेवले होते, खर्ज छाटला नव्हता. सालमीनचा आवाज फाटका होता तरी जागेवर होता. त्याने पहिली ओळ सोडली आणि आठ जणांनी खाली हुंकार धरला. घटांतलं पाणी थरथरलं. सनदच्या हातात ब्रश होता. सुईतून निघणारा लाखेचा बारीक छिलका तो तबकडीवरून बाजूला सारत होता. हुंकार वाढला तसा त्याला ब्रश हातात असल्याचं कळेना. बोटं दिसत होती, पण हाताला काही लागत नव्हतं.

त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. दहा मिनिटं संपेपर्यंत उघडलं नाही.

३

तबकडी गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा वाजवून पाहायची, हा धंद्याचा रिवाज. दुपारी बाजार झोपला तेव्हा सनदने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि तबकडी वाजवायच्या यंत्रावर ठेवली. त्या यंत्राला चार वेग होते. अठ्ठ्याहत्तर, पंचेचाळीस, तेहतीस आणि सगळ्यांत खाली सोळा, जो कोणी वापरत नसे.

सुरुवात झकास होती. हुंकार पूर्ण उतरला होता. टेबलावरचा पेला सरकत होता. सनदने मनाशी कबूल केलं की सालमीनचं बरोबर होतं. सातव्या मिनिटाला सुई आतल्या फेऱ्यांत आली आणि ठरल्याप्रमाणे सगळं घोगरं होऊ लागलं. टाळ्या मऊ पडल्या, शब्दांच्या कडा झिजल्या. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

आठव्या मिनिटाला कोणीतरी श्वास घेतला.

मोठा, तोंडाने, छाती फुगवून घेतलेला. तो घोगरा नव्हता. टोकदार, स्वच्छ, जणू बाहेरच्या पहिल्या फेऱ्यात कोरलेला. घेतलेला श्वास सोडल्याचा आवाज मात्र आला नाही. दोन मिनिटांनी गाणं संपलं, तबकडी संपली, तरी नाही.

सनद विचार करणारा माणूस होता. नऊ माणसं गातात तिथे कोणीतरी श्वास घेणारच. मायक्रोफोनजवळ जौहर होता, तोच असेल. पण सगळ्यांच्या मागून आलेला बारीक आवाज आतल्या फेऱ्यात इतका स्वच्छ येत नाही. चौदा वर्षांत एकदाही आला नव्हता.

मायक्रोफोनमधून आलेला असला तर गाण्याबरोबर तोही जलद होईल, म्हणून त्याने सुई त्या जागेवर नेऊन वेग पंचेचाळीस केला. गाणं पळू लागलं, माणसं पोरसवदा झाली. श्वास तितकाच लांब राहिला. त्याने अठ्ठ्याहत्तर लावलं. नऊ जणांच्या चिमण्या झाल्या. श्वास तसाच, मोठ्या माणसाचा, स्वतःच्या चालीने.

तबकडी एक असते. ती जलद फिरली की तिच्यातलं सगळंच जलद होतं. एक आवाज मागे राहील आणि बाकीचे पुढे जातील, असं होत नाही.

त्याने पंखा बंद केला. खिडकी लावली. यंत्राला कान लावून मोटार ऐकली, मग दुसरी जुनी तबकडी लावून पाहिली. तिच्यात काही नव्हतं. स्वतःचा श्वास रोखून पुन्हा ही तबकडी लावली. श्वास होता.

४

त्याची बायको मौझा जेवण घेऊन आली तेव्हा तबकडी तेहतीसवर चालू होती. डब्यात मासे आणि भात होता. डबा ठेवून ती जरा वेळ उभी राहिली.

“सालमीनकाकांचा गळा बराच राहिलाय की,” ती म्हणाली. “किती जण होते?”

“नऊ.”

तिने मान कलती केली. आतले फेरे चालू होते. “मग दहावा कोण, बू गानिम? तो गात का नाही?”

गानिम त्यांचा मुलगा, तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात होता. त्याच्या नावाने ती नवऱ्याला हाक मारी.

“कोणता दहावा?”

“तोच, श्वास धरून बसलाय तो,” मौझा म्हणाली. तिने ताट वाढलं, मासा थंड झाला तर वास येईल म्हणाली आणि निघून गेली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाणबुड्यांच्या घरातली मुलगी ती. श्वास धरलेला माणूस कसा ऐकू येतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

सनद जेवला नाही.

मौझाचा भाऊ दुऐज पाणबुड्या होता आणि सनद त्याचा दोर ओढणारा. प्रत्येक पाणबुड्याचा वर एक माणूस असतो. खालचा शिंपले गोळा करतो, वरचा दोर हातात धरून उभा राहतो. श्वास संपत आला की खालचा दोराला हिसका देतो, आणि वरच्याने त्या क्षणी ओढायचं असतं. बाकी त्याला काही काम नाही. खालच्याचा जीव वरच्याकडे ठेव म्हणून असतो. गलबतावर म्हणायचे, नाखव्याचं देणं मेल्यावर मुलगा फेडतो, हिसक्याचं देणं ज्याचं त्यानेच फेडायचं.

आणि दुसरी गोष्ट प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवत. दोर हातात असताना हुंकार धरायचा नाही. हुंकाराने अंग आतून थरथरतं, तळहात बधिर होतात. मग दोर काय सांगतो ते हाताला कळत नाही.

एकोणीसशे बत्तीसच्या ऑगस्टमध्ये, एका दुपारी, पुढच्या बाजूची माणसं दुसरा नांगर ओढत होती आणि सालमीन गात होता. सनद सव्वीस वर्षांचा होता. त्याचा हुंकार गलबतावर नावाजलेला. दुऐज नुकताच खाली गेला होता, दीड मिनिट तरी तो येणार नव्हता.

मग कोणीतरी ओरडलं. सनदने दोर ओढला. सात वाव, म्हणजे सात वेळा पसरलेल्या हातांएवढा, दोर वर आला. टोकाला कोणी नव्हतं.

किनाऱ्यावर आल्यावर नाखव्यासमोर आणि दुऐजच्या आईसमोर त्याने कुराणावर हात ठेवून सांगितलं, हिसका आला नाही. ते खोटं नव्हतं. त्याच्या हाताला आला नव्हता. पोराने खडकात दोर सोडला असेल, असं सगळ्यांनी मानलं. पुढल्या वर्षी त्याच आईने मौझा त्याला दिली. तुझ्या हातात माझी दोन्ही मुलं, असं ती लग्नात म्हणाली होती. त्याचा अर्थ काय लावायचा हे सनदला अजून कळलं नव्हतं.

खाली दुऐजने हिसका दिला होता की नाही, एवढंच त्याला एकोणतीस वर्षं कळायला हवं होतं.

५

लाखेची तबकडी मऊ असते. कारखान्यात छापलेली शंभर वेळा वाजते. ही दहाव्या वेळेपासून झिजू लागते आणि बारीक आवाज आधी जातात. सनदने हिशेब केला. सहा वेळा वाजवून झाली होती.

तेहतीसवर श्वासानंतर दोन मिनिटं उरत आणि तबकडी संपे. तेवढ्यात दुऐज खाली पोचे, शिंपल्यांचे दोन-तीन टकटक आवाज येत, आणि छातीचे आचके सुरू होत. श्वास संपत आला की पाणबुड्याच्या छातीला बसतात ते. सनद एक मोसम स्वतः बुडला होता, त्याला ते आवाज ओळखू आले. पण पुढे तबकडीच नव्हती.

वेळ हवा असेल तर वेग कमी करायचा. हे त्यानेच लोकांना चौदा वर्षं सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी त्याने काटा सोळावर नेला. गाणं गेलंच. समुद्राच्या तळाशी कोणी दगड ओढत असावं असा नुसता घोष राहिला. भिंतीतली वाळू झरू लागली. त्यात तो श्वास घेतला गेला, त्याच मापाचा. आता चार मिनिटं हातात होती. सनद डोळे मिटून मोजत राहिला. शिंपले. आचका. आचका. आचक्यांमधलं अंतर कमी होत गेलं.

मग दोर लाकडावर घासला. करकर, एकदाच, जोराने.

सनद टेबलाला धरून बसून राहिला. हिसका दिला होता. पोराने हिसका दिला होता.

थोड्या वेळाने दुसरा हिसका आला. मग तिसरा, त्याहून हलका. आणि तबकडी संपली, सुई शेवटच्या रिकाम्या फेऱ्यात गोल फिरत राहिली.

त्याने मनाला समजावलं की हा कान आहे, वय आहे, उकाडा आहे. छताच्या खोडाची करकर असेल. खात्री करायला त्याने पुन्हा एकदा लावली. ती चूक झाली. या वेळी श्वास थोडा पुसट होता. हिसके दोनच आले. दुसरा इतका हलका की माहीत नसतं तर कळला नसता.

तबकडी झिजत होती. सनदला मात्र ते तसं वाटलं नाही. त्याला वाटलं, पोरगा दमतोय. मी पुन्हा पुन्हा ऐकतोय आणि दर खेपेला तो खाली हिसका देतोय, आणि वर कोणी ओढत नाही.

त्याने सुई उचलून धरली. ठेवायची कुठे हे त्याला कळेना.

६

सालमीन घरी सामान बांधत होता. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. सनदला पाहून त्याने विचारलं, रेकॉर्ड आणलीस का. सनद म्हणाला, नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. मधे कुठे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं. सालमीनने वेड लागलं का असं विचारलं नाही. त्याने गळ्याचा पंचा सोडून पुन्हा बांधला.

“त्या दिवशी तू हुंकार धरला होतास,” तो म्हणाला.

सनदने वळकटीची सुटी दोरी हातात घेतली.

“माझ्या गलबतावर प्रत्येक गळा मला वेगळा ऐकू यायचा. तुझा सगळ्यांत खाली होता. दोर तुझ्या हातात आहे हे मला दिसत होतं.”

“मग थांबवलं का नाहीत?”

“गाणं चांगलं चाललं होतं,” सालमीन म्हणाला. “एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं पुष्कळ, सापडलं नाही.”

सनदने सांगितलं, तबकडी हाताने फिरवली तर हवा तितका वेळ मिळेल. पण दुऐजला वर ओढायचं तर ती उलटी फिरवावी लागेल. सुई लाख नांगरून काढील. गाणं राहणार नाही.

“दुसरी नक्कल आहे?”

“नाही. आणि तुमचा गळा—”

“गळ्याचं मला माहीत आहे.” सालमीनने पेटीचं झाकण लावलं, कडी अडकवली. “माझा आवाज त्या दिवशीही त्याच्या आड आला होता. घे तो. काढून टाक मधून.”

सनद दारापर्यंत गेला तेव्हा सालमीन मागून म्हणाला, “सनद, तोंड मिटलेलं ठेव.”

७

शुक्रवारी दुपारी बाजार नमाजाला गेला. रस्त्यावर मांजरही नव्हतं. सनदने दुकान आतून लावून घेतलं. पंखा बंद केला. मोटारीची दाबचकती, तबकडीला फिरवणारं रबरी चाक, सोडवली, म्हणजे तबकडी हाताने मोकळी फिरेल. बाह्या कोपरावर चढवल्या. सुई आठव्या मिनिटाच्या अलीकडे ठेवली आणि उजव्या हाताचा तळवा तबकडीच्या काठाला लावून ती ढकलली.

गाणं उरलं नव्हतं. एकेक ठोका सुटा येत होता, मधे लांब शांतता. त्या शांततेत कोणीतरी छाती भरून श्वास घेतला, पुसट, दुखऱ्या माणसासारखा.

सनदने हात थांबवला. तबकडी उभी राहिली. थांबलेल्या तबकडीतून आवाज येत नाही, तरी शिंपल्याची टकटक आली. पुन्हा आली. खोलीत, पायाशी, फरशीच्याही खाली.

हे नाही होत, असं तो स्वतःला सांगत होता, आणि हात तिथेच ठेवून उभा होता. काठाची लाख गार पडत चालली. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं आणि तळव्याला गारवा लागत होता, सात वाव खोल पाण्याचा असतो तसा. पहिला आचका आला. दुसरा. त्याचा घसा आपोआप सूर धरू पाहत होता, तेव्हा त्याने जीभ दातांखाली धरली. तोंडाला रक्ताची चव आली. तिसरा आचका. मग आचके मोजता येईनात.

आणि काहीच नाही. बराच वेळ काही नाही. उशीर झाला, असं त्याला वाटलं. मी फार वेळा ऐकलं, तो संपला.

हिसका हाताला लागला.

अगदी हलका. मासा गळाला चाचपतो तेवढा. पण हातालाच लागला, कानाला नाही.

सनदने ओढलं. तबकडी उलटी फिरली, सुईने लाखेत दात रोवले आणि करवतीसारखा आवाज निघाला. एक वाव. हातावर हात, दोर ओढतात तसं. काळी साल सुईपुढे वळत वर आली. त्यात कुठेतरी जौहरचा गळा उलटा फाटून गेला. दोन वाव. तबकडी जड झाली. तीन. टाळ्या गेल्या, घट गेले. चौथ्याला सालमीनचा वरचा सूर एकदा अख्खा लागला, बुधवारच्या सकाळसारखा, आणि सुईखाली तुटला. सनदने थांबायचं म्हणून क्षणभरही मनात आणलं नाही. पाच. आता टेबलाचे पाय फरशीवर सरकत होते. खांद्यातून काहीतरी सटकलं आणि दुखत राहिलं. पंचावन्न वर्षांच्या हातांना एका माणसाचं ओलं वजन पेलायचं होतं. सहा. त्याने पाय भिंतीला लावला. श्वास घ्यायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून त्याने श्वास घेतला नाही. डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं. मौझाने विचारलं तर काय सांगायचं, एवढा एक विचार येऊन गेला. सात.

तबकडीच्या पलीकडून चार बोटं टेबलाच्या कडेवर आली. पाणबुडे शिंपले उचकटताना घालतात तशा चामड्याच्या टोप्या त्यांच्यावर होत्या. टोप्यांतून पाणी गळत होतं. बोटांनी कड घट्ट पकडली, आणि लाकूड करकरलं.

सनदने मान वर केली नाही. ओढणाऱ्याने तोंड बघायचं नसतं, आधी ओढायचं असतं. त्याने शेवटचा हात मारला.

समोर, अगदी त्याच्या चेहऱ्याजवळ, कोणीतरी धरलेला श्वास सोडला.

ऋण फिटलं.